इंग्रजी शिकवायला परदेशी जाताय? आधी कागद, मग देश

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं ठरलं की माणूस पहिल्यांदा नकाशा उघडतो. मीही उघडला होता. एका देशावर जीव जडला, तिथल्या शाळांना अर्ज पाठवायला लागलो आणि सातव्या अर्जाला उत्तर आलं: तुमच्या पासपोर्टवर आम्हाला या कामाचा व्हिसा काढता येत नाही. आधीच्या सहा जणांनी उत्तर देण्याचेही कष्ट घेतले नव्हते. त्यात चार महिने गेले. म्हणून हा लेख उलट्या टोकाकडून लिहितोय. आपल्या हातात कोणते कागद आहेत ते आधी बघायचं आणि देश त्यानंतर ठरवायचा.

पासपोर्ट, पदवी आणि एक कडू गोष्ट

इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्यांत "नेटिव्ह स्पीकर" हा शब्द सतत भेटतो. ऐकायला तो उच्चाराबद्दल वाटतो, पण बहुतेक ठिकाणी त्याचा खरा अर्थ पासपोर्टचा रंग असा आहे. दक्षिण कोरियाचा ई-२ हा भाषाशिक्षकाचा व्हिसा घ्या. इंग्रजीसाठी तो सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. तुमचं इंग्रजी कितीही अस्खलित असो, यादीबाहेरच्या पासपोर्टला तिथे दार बंद असतं. दोन देशांमधल्या करारामुळे काही अपवाद असतात, पण ते नोकरीच्या जाहिरातीत नव्हे, त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर सापडतात. तिथेच बघा.

चीनमध्येही साधारण असाच कल आहे, मात्र इंग्रजी बोलणाऱ्या देशातून घेतलेली पदवी किंवा शिक्षणशास्त्राची पदवी असेल तर वाट थोडी मोकळी होते. थायलंडमध्ये मातृभाषा इंग्रजी नसलेले हजारो शिक्षक काम करतात. त्यांच्याकडून टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मागितले जातात आणि पगार बहुतेकदा नेटिव्ह म्हणवणाऱ्यांपेक्षा कमी असतो. जपानच्या सरकारी जेट कार्यक्रमात, १९८७ पासून, सहायक भाषा शिक्षक घेतले जातात. तिथे तुमचा देश सहभागी देशांत असणं, पदवी असणं आणि इंग्रजी उत्तम असणं बघतात. आखाती देशांतल्या शाळांना बहुतांशी पूर्ण पात्रतेचा शिक्षक हवा असतो, म्हणजे बी.एड. किंवा त्याच्या बरोबरीची पदवी आणि वर्गातला अनुभव. युरोपीय संघाच्या देशांत संघाबाहेरच्या माणसासाठी भाषाशाळा सहसा परवान्याची उठाठेव करत नाहीत. लॅटिन अमेरिकेत शिरकाव तुलनेने सोपा, पण पगार जेमतेम खर्च भागेल इतका.

पदवीचंही असंच आहे. आशियातल्या बहुतेक देशांत वर्क परमिटसाठी कोणत्या तरी विषयातली पदवी लागतेच. ती इंग्रजीचीच हवी असं नसतं. रसायनशास्त्रातला पदवीधरही चालतो. पण पदवीच नसेल तर "आम्ही बघून घेऊ" म्हणणारा मालक तुम्हाला बेकायदा कामाला लावणार, हे ठरलेलं.

या भेदभावाचा राग येणं साहजिक आहे, मलाही येतो. पण एक बाब आपल्या बाजूची आहे. आपण इंग्रजी शिकलोय. कुठे अडखळलो, कोणता नियम कधी उलगडला, हे आपल्याला आठवतं. मराठीत "ए", "अॅन", "द" ही उपपदं नाहीत; चिनी, जपानी, कोरियन, रशियन भाषांतही नाहीत. त्यामुळे विद्यार्थी "आय बॉट बुक" का म्हणतो हे आपल्याला सांगावं लागत नाही. मुलाखतीत हे आत्मविश्वासाने सांगा, मात्र नुसतं सांगून भागत नाही, उदाहरण द्या.

शिकवायचं शिका

इंग्रजी येणं वेगळं आणि इंग्रजी शिकवता येणं वेगळं. हे वाक्य सगळ्यांना मान्य असतं, प्रशिक्षणावर पैसे घालायची वेळ आली की विसरलं जातं.

जाहिरातींत टेफल, टेसॉल, टेसल असे शब्द दिसतील. व्यवहारात त्यांच्यात फारसा फरक नाही. ती परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याच्या पात्रतेच्या प्रकाराची नावं आहेत, कुठल्या एका संस्थेची नाहीत. म्हणून "मी टेफल केलं" एवढ्याने काही कळत नाही. किती तासांचं, कुणाकडून, आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवलं का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. १२० तास हा किमान आकडा बहुतेक ठिकाणी मागितला जातो.

जगभर ज्यांना मान आहे असे दोन अभ्यासक्रम आहेत: केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्टटेसॉल. दोन्हींत किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं आणि मागे बसलेला प्रशिक्षक टिपणं काढत असतो. पूर्णवेळ केला तर सेल्टा चार ते पाच आठवड्यांत संपतो. त्या आठवड्यांत झोप, नातेवाईक आणि मोबाइल यांची आशा सोडा. महाग आहे, पण एक-दोन वर्षांपेक्षा जास्त हे काम करायचं असेल तर वसूल होतो. फक्त वर्षभर बाहेरचं जग बघून यायचं असेल तर स्वस्तातला ऑनलाइन १२० तासांचा कोर्स आणि जवळपासच्या एखाद्या वर्गात महिना-दोन महिने विनामोबदला शिकवणं, हा मेळ पुरतो. तीन दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

या प्रशिक्षणात नेमकं काय बदलतं? एक उदाहरण देतो. "आय लिव्ह्ड इन लंडन फॉर फाइव्ह इयर्स" आणि "आय हॅव लिव्ह्ड इन लंडन फॉर फाइव्ह इयर्स" यातला फरक शिकवायचा आहे. अप्रशिक्षित माणूस फळ्याकडे वळतो, काळाची नावं लिहितो, दहा मिनिटं समजावतो आणि शेवटी विचारतो, "समजलं?" सगळे माना डोलावतात. कुणालाही समजलेलं नसतं. प्रशिक्षित शिक्षक फळ्यावर एक आडवी रेघ काढतो, त्यावर "आत्ता"ची खूण करतो आणि विचारतो: पहिल्या वाक्यातला माणूस आज लंडनमध्ये राहतो का? दुसऱ्यातला? उत्तर "हो" किंवा "नाही" एवढंच. पण त्या एका शब्दावरून कुणाच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं. यांना संकल्पना तपासणारे प्रश्न म्हणतात आणि अख्ख्या कोर्समधलं मला सर्वांत उपयोगी पडलेलं हत्यार हेच.

दुसरी सवय मोडते ती बोलण्याची. माझ्या पहिल्या वीस मिनिटांच्या पाठात मी घड्याळ लावून सतरा मिनिटं बोललो होतो. प्रशिक्षकाने फक्त तेवढा आकडा कागदावर लिहून दिला, खाली काही टिप्पणी नाही.

आपलं इंग्रजी पुरेसं आहे, हे कागदावर

आयेल्ट्सचा निकाल साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात, त्यामुळे तो फार आधी देऊन ठेवू नका. केंब्रिजच्या सी-१ अॅडव्हान्स्ड किंवा सी-२ प्रोफिशिअन्सी या परीक्षांच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. शिक्षक म्हणून सी-१ या प्रगत पातळीच्या खाली असाल तर आधी स्वतःचं इंग्रजी वाढवा, अर्ज नंतर.

उच्चारांची भीती मात्र बाळगू नका. मराठी वळण जाणवलं म्हणून बिघडत नाही. विद्यार्थ्याला शब्द ओळखता आला पाहिजे. आपल्या दोन जागा तेवढ्या घासून घ्या: "व्ही" आणि "डब्ल्यू" यांतला फरक ("वेस्ट" म्हणताना बनियन की पश्चिम दिशा?), आणि शब्दातला आघात. "डेव्हलप"चा जोर दुसऱ्या अवयवावर पडतो, पहिल्यावर नाही. आघात चुकला तर ऐकणाऱ्याला अख्खा शब्दच सापडत नाही.

कागदांची फाइल

नोकरी लागायच्या आधीच हे काम सुरू करा, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. साधारणपणे लागतं ते असं: पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रिका, शिकवण्याच्या पात्रतेचं प्रमाणपत्र, पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला, अनुभवाचे दाखले, वैद्यकीय तपासणी, आणि फोटो, तेही त्या देशाला हव्या त्याच मापाचे.

पदवी आणि पोलिसांचा दाखला नुसते असून चालत नाहीत, ते खरे आहेत हे तुमच्या सरकारकडून सिद्ध करून घ्यावं लागतं. जो देश १९६१ च्या हेग करारात आहे तिथे अपॉस्टिल हा एकच शिक्का पुरतो. करारात नसलेल्या देशासाठी आधी आपल्या सरकारचं साक्षांकन आणि मग त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का, असा लांबचा फेरा असतो. ही यादी बदलत राहते: चीनसाठी पूर्वी तो फेरा घालावा लागायचा, ७ नोव्हेंबर २०२३ पासून तिथे अपॉस्टिल चालतं. जुने सल्ले वाचून दूतावासाच्या रांगेत उभे राहिलेले लोक मी पाहिलेत.

दोन ठिकाणी माणसं हमखास अडकतात. पहिली म्हणजे नाव. पदवीवर एक, पासपोर्टवर दुसरं. कुठे मधलं नाव गळलेलं, कुठे लग्नानंतर आडनाव बदललेलं, कुठे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. परक्या देशातल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटतात आणि त्याचं चुकत नाही. सगळे कागद शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवा आणि फरक असेल तर आधीच दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र करून घ्या. दुसरी जागा म्हणजे पोलिसांचा दाखला: तो काही महिन्यांत शिळा होतो. म्हणून पदवीचं काम सर्वांत आधी आणि हा दाखला सर्वांत शेवटी.

अर्ज कधी, कुठे

शाळांचं वर्ष देशागणिक वेगळं. जपानमध्ये ते एप्रिलला सुरू होतं, कोरियात मार्चला, थायलंडमध्ये मेच्या मध्यावर, चीन आणि युरोपात सप्टेंबरला. भरती त्याच्या तीन ते सहा महिने आधी चालते. सरकारी कार्यक्रमांचा पल्ला आणखी लांब: जेटचा अर्ज शरद ऋतूत करायचा, मुलाखती वर्षाच्या सुरुवातीला, आणि निघायचं जुलै-ऑगस्टमध्ये. कुठल्या गावात टाकतील ते तुमच्या हातात नसतं. राजधानीचं स्वप्न बघणारा माणूस समुद्राकाठच्या खेड्यात पोचतो. त्यातले काही जण पाच वर्षं तिथून हलत नाहीत, हेही खरं.

खासगी भाषावर्ग वर्षभर माणसं घेतात. कोरियात त्यांना हागवॉन म्हणतात, जपानमध्ये एइकाइवा. तिथे काम दुपारनंतर आणि रात्री, कारण मुलं आधी शाळेत आणि मोठी माणसं कामावर असतात. या धंद्याला धोरणाचा झटका कसा बसतो याचं उदाहरण चीनने दिलं: जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि पाहता पाहता मोठमोठे वर्ग बंद पडले, परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांचं कामही गेलं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कुणाला तिथे काय मिळालं, यावर स्वतःचा बेत आखू नका.

मुलाखतीत बहुधा दहा-पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगतात. इथे विद्वत्ता दाखवायची नसते. एक छोटं उद्दिष्ट, एक चित्र किंवा वस्तू, विद्यार्थ्यांच्या तोंडून चार-पाच वाक्यं, आणि सूचना लहान. पाठ टाचण लिहून आधीच पाठवा. निम्मे उमेदवार ते करत नाहीत.

करारपत्र वाचायची पद्धत

पगाराच्या आकड्यावर डोळे सगळ्यात शेवटी न्या. आधी तास बघा. "आठवड्याला २५ तास" म्हणजे वर्गातले तास की शाळेत हजर राहायचे तास? वर्गातले पंचवीस तास म्हणजे तयारी, वह्या, पालकांच्या भेटी धरून चाळीसवर जातात. जपानमध्ये शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या काही कंपन्यांचे करार आठवड्याला २९.५ तासांचे असायचे. तो अर्धा तास चुकून सुटलेला नसायचा, सामाजिक विम्याची जबाबदारी टाळण्यासाठी सोडलेला असायचा. कोरियात एक वर्ष पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्याला जाताना साधारण एक महिन्याच्या पगाराइतकी रक्कम कायद्याने मिळते. त्यामुळे तिथे कुणी अकरा महिन्यांचा करार पुढे केला तर का केला ते ओळखा.

मग हे शोधा: सुट्टीत पगार मिळतो का, घर कोण देतं आणि त्यातलं वीज-पाणी कुणाचं, विमानाचं भाडं आधी मिळतं की करार संपल्यावर, आजारपणाच्या रजा किती, मध्येच सोडलं तर दंड काय. करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यास कोणती भाषा ग्राह्य, ही ओळ सहसा शेवटच्या पानावर असते. तिथली भाषा ग्राह्य असेल तर ती येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

व्हिसा मालकाशी बांधलेला असतो हे विसरू नका. काही देशांत नोकरी बदलायला जुन्या मालकाचं सोडपत्र लागतं. शिवाय कोणता व्हिसा कोणतं काम करू देतो हेही ठरलेलं असतं: जपानमध्ये शाळेत शिकवण्याचा व्हिसा आणि खासगी भाषावर्गाचा व्हिसा वेगवेगळे आहेत, एकावर दुसरं काम वेगळी परवानगी काढल्याशिवाय करता येत नाही.

सही करण्याआधी तिथे सध्या काम करणाऱ्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी बोलायला मागा. चांगली शाळा लगेच जोडून देते. आढेवेढे घेणाऱ्या शाळेचं उत्तर तुम्हाला मिळालं असं समजा.

आणि या तीन गोष्टी दिसल्या की मागे फिरा. "आत्ता पर्यटक व्हिसावर या, परमिट नंतर करू"; पकडले गेलात तर हद्दपार तुम्ही होता, मालक फार तर दंड भरतो. नोकरी देण्यासाठी किंवा "फाइल पुढे सरकवण्यासाठी" तुमच्याकडे पैशांची मागणी. आणि "पासपोर्ट आमच्याकडे सुरक्षित राहील". नोंदणीपुरता दोन-चार दिवस देणं वेगळं. पण ओळखीचे कागद अडकवून ठेवणं हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तमजुरीच्या लक्षणांत धरलेलं आहे.

पैसे आणि पहिले पंधरा दिवस

पहिला पगार काम सुरू केल्यावर महिन्याने, कधी दीड महिन्याने येतो. घर शाळेने दिलं नसेल तर अनामत आणि आगाऊ भाडं लगेच लागतं. जपानमध्ये तर अनामतीशिवाय "रेइकिन" नावाचा घरमालकाला द्यायचा परत न मिळणारा नजराणा असतो आणि जामीनदारही मागतात. दोन-तीन महिने पगाराशिवाय निघतील एवढी रक्कम हाताशी असल्याशिवाय विमानात बसू नका. कर्ज काढून तर नकोच. कर्ज असलेला माणूस वाईट मालकाला सोडू शकत नाही.

पोचल्यावर पहिलं काम सरकारी नोंदणी. चीनमध्ये हॉटेलात न राहणाऱ्याला २४ तासांत पोलिसांकडे राहण्याची नोंद करावी लागते आणि कामाच्या झेड व्हिसावर आलेल्याने ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. इतरत्र मुदती वेगळ्या, पण मुदत असतेच. मग सुरू होतं ते चक्र: बँक खात्याला फोन नंबर हवा, फोनला निवासाचं कार्ड हवं, कार्ड यायला तीन आठवडे. या काळासाठी थोडी रोख आणि परदेशात चालणारं कार्ड जवळ ठेवा.

वर्गात पाऊल ठेवल्यावर

पहिल्या दिवशी धडा घेऊ नका, नावं शिका. चाळीस परकी नावं नीट उच्चारायला धडपडणारा शिक्षक पाहिला की विद्यार्थ्यांना चुका करायची मोकळीक मिळते.

भाषा त्यांच्या पातळीवर आणा, पण मोडकी करू नका. "यू सिट, यू राइट" असं बोललात तर मुलं तेच शिकतील. सूचना तीन-चार शब्दांची, नंतर हातवारे, नंतर एका जोडीकडून करून दाखवणं. आणि शांतता सहन करायला शिका. प्रश्न विचारून मनात पाच आकडे मोजा. तिसऱ्यालाच आपण उत्तर देऊन मोकळे होतो, तिथे विद्यार्थ्याची संधी जाते.

कोणाची जीभ कुठे अडते याचा अंदाज आधीच असला तर बरं. अरबी बोलणाऱ्यांचा "प" "ब"कडे झुकतो, जपानी विद्यार्थ्याला "र" आणि "ल" वेगळे ऐकूच येत नाहीत, कोरियन मूल "फ" च्या जागी "प" म्हणतं, स्पॅनिश बोलणारा "स्कूल"च्या आधी "ए" लावतो. आधी कानाला फरक कळू द्या, मग तोंडाकडून मागा.

जपान-कोरियातल्या शाळांत वर्ग दोघांचा असतो: तुम्ही आणि स्थानिक शिक्षक. तुमचं वर्ष कसं जाईल हे त्या एका माणसाशी जमण्यावर ठरतं. पाठ आदल्या दिवशी दाखवा, वर्गात त्यांची इंग्रजी चूक सुधारू नका, आणि शिस्त कोणी लावायची ते आधी ठरवून घ्या. मी हे ठरवलं नव्हतं. आम्ही दोघंही दुसरा बोलेल म्हणून गप्प बसलो आणि मागच्या बाकावर पत्त्यांचा डाव रंगला.

निघताना

करार संपायच्या दोन महिने आधी लेखी कळवा. अनुभवाचा दाखला शाळेच्या छापील कागदावर, शिक्का आणि तारखांसह, तिथे असतानाच घ्या. परत आल्यावर ईमेलला उत्तर येत नाही. सोडपत्र, कर भरल्याचे कागद, शेवटच्या तीन पगारपत्रिका यांच्या प्रती काढून ठेवा. बँक खातं शेवटचा पगार जमा होईपर्यंत बंद करू नका. जपानमध्ये सहा महिने किंवा जास्त काळ पेन्शनचे हप्ते भरले असतील तर देश सोडल्यावर त्यातला काही भाग एकरकमी परत मागता येतो. अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि त्यासाठी पेन्शन क्रमांकाचा कागद लागतो, जो बहुतेक जण सामान हलकं करताना टाकून देतात.